टॉलेमीच्या नकाशात पैठण शोधताना : प्राचीन जगाचे जुने छापील नकाशे वाचावेत कसे, तपासावेत कसे, जपावेत कसे

दुसऱ्या शतकातला ग्रीक भूगोलकार टॉलेमी याच्या भारताच्या नकाशावर पैठण भडोचच्या उत्तरेला आहे. प्रत्यक्षात ते भडोचच्या दक्षिणेला सव्वादोन अंशांवर आहे. पुढे चौल शोधायला जावं, तर ते समुद्रात घुसलेल्या टोकावर सापडतं. त्याच्या खाली किनारा दक्षिणेकडे उतरण्याऐवजी पूर्वेकडे धावतो, आणि द्वीपकल्प म्हणून जे आपण लहानपणापासून ओळखतो ते गायबच असतं. असा नकाशा पहिल्यांदा हाती आला की माणूस एक तर त्याला चुकीचा म्हणून बाजूला ठेवतो किंवा सुंदर म्हणून भिंतीवर लावतो. दोन्हींत नकाशा वाचायचा राहून जातो.

वाचायला सुरुवात करायची ती तारखांपासून. अशा प्रत्येक कागदावर तीन काळ एकमेकांवर बसलेले असतात. पहिला माहितीचा काळ : टॉलेमीने अलेक्झांड्रियात बसून इसवी सन १५० च्या सुमारास जमवलेली गावं आणि त्यांचे अक्षांश-रेखांश. दुसरा आखणीचा काळ : ज्या संपादकाने ते आकडे घेऊन लाकडावर किंवा तांब्याच्या पत्र्यावर नकाशा कोरला, त्याचा. तिसरा छपाईचा काळ : तुमच्या हातातला कागद छापखान्यातून बाहेर पडला तो. हे तीन काळ एका वहीत तीन ओळींत वेगवेगळे लिहा आणि पुढचं सगळं काम या तीन ओळी भरण्याचं आहे असं समजा. नकाशाकार मर्केटरने टॉलेमीच्या नकाशांचे पत्रे कोरून १५७८ साली कोलोनमध्ये छापले. तेच पत्रे पुढे हस्तांतरित होत राहिले आणि शेवटची छपाई १७३० साली झाली. म्हणजे ‘मर्केटर, १५७८’ असं ज्यावर लिहिलेलं असतं, तो कागद दीडशे वर्षं अलीकडचाही असू शकतो.

टॉलेमीच्या हातचा एकही नकाशा उरलेला नाही. उरला तो मजकूर, सुमारे आठ हजार ठिकाणांची यादी. बायझंटाइन भिक्षू माक्सिमोस प्लानुदेस याला १२९५ च्या सुमारास ही पोथी सापडली ती नकाशांविना, आणि नकाशे त्याने यादीवरून नव्याने काढवून घेतले. म्हणून आपण ज्याला टॉलेमीचा नकाशा म्हणतो, तो खरं तर नंतरच्या विद्वानांनी टॉलेमीचे आकडे कसे समजून घेतले त्याचा नकाशा असतो. ही गोष्ट मनात पक्की असली की अर्धं काम सोपं होतं.

कोणत्या घराण्याचा नकाशा आहे ते आधी ठरवा

प्राचीन जग दाखवणाऱ्या छापील नकाशांची तीन घराणी आहेत. नजर बसली की एका मिनिटात ओळखता येतात.

पहिलं टॉलेमीचं. संचात साधारण २७ नकाशे असतात : जगाचा एक, युरोपचे दहा, आफ्रिकेचे चार, आशियाचे बारा. आशियाचा दहावा म्हणजे गंगेच्या अलीकडचा भारत, अकरावा गंगेपलीकडचा आणि बारावा तापरोबाना, म्हणजे श्रीलंका. खुणा अशा : प्रादेशिक नकाशाची चौकट वर अरुंद, खाली रुंद, कडेला अंशांचे आकडे. भारताला द्वीपकल्प नाही. तापरोबाना अवाढव्य, आणि विषुववृत्त तिच्यातून जातं. जगाच्या नकाशावर हिंदी महासागर दक्षिणेकडून जमिनीने बंद केलेला, जणू मोठं तळं.

दुसरं घराणं विद्वानांच्या पुनर्रचनेचं. नकाशाकार ऑर्टेलियसने १५७९ पासून आपल्या ॲटलासला ‘पारेर्गोन’ नावाची पुरवणी जोडली. तीत अलेक्झांडरची स्वारी आहे, रोमन साम्राज्य आहे, आणि १५९७ चा तांबड्या समुद्राच्या सफरीचा नकाशाही आहे. पुढे सेलारियस आणि दलील, मग दानव्हिल हे अभ्यासक. यांनी एका टॉलेमीवर भरवसा ठेवला नाही. स्ट्रेबो, प्लिनी हे प्राचीन लेखक आणि ‘पेरिप्लस’ हा जुना सफरग्रंथ असं सगळं समोर ठेवून त्यांनी नावं बसवली. खूण म्हणजे किनारा आपल्या ओळखीचा आणि त्यावरची नावं मात्र लॅटिन. दानव्हिलचा ‘ऑर्बिस व्हेटेरिबुस नोटुस’ (प्राचीनांना ठाऊक असलेलं जग) १७६३ चा आहे. ज्या जागेबद्दल पुरावा नाही ती जागा कोरी सोडण्याचं धैर्य या माणसात होतं, आणि आमच्या मते प्राचीन भूगोलाच्या नकाशाची खरी परीक्षा तिथेच होते.

तिसरं घराणं प्रतिकृतींचं, आणि त्यात एकच मोठं नाव : पॉयटिंगरचा पट. रोमन रस्त्यांचा हा मध्ययुगीन नक्कल केलेला पट सुमारे पावणेसात मीटर लांब आणि फक्त ३४ सेंटिमीटर उंच आहे. १५०८ मध्ये तो कोनराड पॉयटिंगरकडे आला, १५९८ मध्ये अँटवर्पला छापला गेला आणि मूळ पट आज व्हिएन्नात आहे. यातलं जग रबरासारखं आडवं ताणलेलं असतं. उजव्या टोकाला मुझिरिस हे केरळातलं बंदर आणि त्याच्याजवळ ऑगस्टसचं देऊळ दिसलं की ओळख पटली. या पटावर अक्षांश शोधू नका. तो रस्ते आणि मुक्काम मोजतो.

कागद हातात घेतल्यावर

दहा पट मोठं दाखवणारं भिंग, लहान टॉर्च आणि मिलिमीटरची पट्टी एवढं पुरेसं आहे. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती हातमोजे नकोत, त्यांत बोटांना कागदाची कड कळत नाही आणि ती फाटते.

आधी नकाशा उलटा करून पाठ पाहा. ॲटलासातल्या पानाच्या पाठीवर बहुधा मजकूर असतो. त्याची भाषा, अक्षरांचा साचा, पानाचा आकडा आणि तळाशी असलेलं जुळणीचं (पानांचा क्रम लावण्यासाठीचं) अक्षर टिपून घ्या. ऑर्टेलियसच्या ॲटलासच्या लॅटिन, डच, जर्मन, फ्रेंच अशा अनेक आवृत्त्या निघाल्या आणि पुढचा नकाशा तोच राहून पाठीचा मजकूर बदलत गेला. छपाईचं साल बहुतेक वेळा पुढून कळत नाही, पाठीवरून कळतं. पाठ कोरी असेल तर नकाशा खोटा ठरत नाही, पण साल सांगणारा मोठा साक्षीदार गेलेला असतो.

मग टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धरा. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेला असेल तर चौकटीच्या बाहेर, चारी बाजूंनी, पत्र्याच्या कडेचा दाब दिसतो. कागद तिथे पायरीसारखा बसलेला असतो. पण नुसत्या दाबावर विश्वास ठेवू नका, कारण तो कोऱ्या पत्र्याने नंतरही देता येतो. भिंगाखाली रेघ पाहा. तांब्यावरच्या रेघेची शाई कागदावर किंचित उभी असते आणि रेघ टोकाला निमुळती होत जाते. लाकडी ठशाची रेघ जाडसर असते, शाई कडेला दाबून पसरलेली असते आणि पत्र्याचा दाब नसतो. टॉलेमीच्या १४८२ च्या, जर्मनीतल्या उल्मच्या आवृत्तीचे नकाशे असे लाकडी ठशांचे आहेत. जगाच्या नकाशावर कोरणाऱ्याने, आर्म्सहाइमच्या योहान्नेसने, आपलं नाव घातलं आहे, आणि त्याच्या अक्षरांत मोठा ‘एन’ उलटा पडतो. रेघेच्या जागी रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर तो आधुनिक छपाईचा कागद आहे, तिथे तपास थांबवा.

आता कागद प्रकाशासमोर धरा. हाताने बनवलेल्या जुन्या कागदात साच्याच्या तारांच्या बारीक रेघा आणि त्यांना काटकोनात, साधारण २० ते ३० मिलिमीटर अंतरावर, जाड रेघा दिसतात. बऱ्याचदा जलचिन्हही दिसतं. तारेचे माग नसलेला, एकसारखा कागद युरोपात पुस्तक छापायला पहिल्यांदा वापरला गेला तो १७५७ साली. त्याआधीचं साल सांगणारा नकाशा अशा गुळगुळीत एकजिनसी कागदावर असेल तर एक तर साल चुकलं आहे किंवा ती प्रतिकृती आहे.

मधल्या घडीकडे नीट पाहा. ॲटलासात नकाशा मधोमध दुमडलेला असतो, त्यामुळे कसरीने पाडलेली भोकं घडीच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखी जुळतात. एकाच बाजूला भोक असेल तर दुसरी बाजू बहुधा दुरुस्त केलेली आहे. भोक दिसतं पण बोटाला लागत नसेल, तर ते भोकाचं चित्र आहे.

रंगाबाबत लोक सर्वांत जास्त फसतात. जुना हिरवा रंग तांब्याच्या गंजापासून करत. तो शतकानुशतकं कागद खात राहतो, त्यामुळे हिरव्याच्या नेमक्या मागे पाठीवर तपकिरी छाया उमटते. जिथे दाट हिरवा आहे तिथे कागद तडकतोही. नंतर रंगवलेल्या नकाशात ही छाया नसते. शिवाय जुन्या घडीच्या भेगेत ताजा रंग झिरपून गडद रेघ तयार होते. कागदाला भेग पडल्यावर रंग लागला, याचा हा सरळ पुरावा. नंतरचा रंग हा गुन्हा नाही, विकणाऱ्याने मात्र तो जुना म्हणून विकू नये.

किनारा वाचणं : भडोच ते चौल

मराठी वाचकाने आशियाचा दहावा नकाशा इथून सुरू करावा. ही गावं आपण स्वतः जाऊन पाहू शकतो, त्यामुळे टॉलेमी कुठे बरोबर आणि कुठे घसरला हे पायाखालच्या जमिनीवरून ठरवता येतं.

पहिल्यांदा नावं शोधा. बारिगाझा म्हणजे भडोच. सुप्पारा म्हणजे नालासोपारा. सिमिल्ला म्हणजे चौल. घाटावर बैथाना म्हणजे पैठण, तगारा म्हणजे तेर, आणि वर ओझेने म्हणजे उज्जैन. नदीची नावं सावधपणे घ्या. नामादोस ही नर्मदा, याबद्दल फारसा वाद नाही. नानागुना मात्र तापी असं बरेच जण लावतात, पण टॉलेमीच्या यादीत तिचं मुख चौलच्याही पुढे, तो ज्याला चाच्यांचा किनारा म्हणतो तिथे येतं. नाव जुळलं म्हणून जागा जुळली असं धरू नका.

सिमिल्लाची कथा टॉलेमी स्वतः पहिल्या खंडात सांगतो. त्याच्या आधीच्या मारिनोस या भूगोलकाराने हे बंदर सिंधू नदीच्याही पश्चिमेला टाकलं होतं. टॉलेमी म्हणतो, तिथे जाऊन बराच काळ राहिलेले आणि तिकडून आमच्याकडे आलेले लोक सांगतात की ते नदीच्या मुखांच्या फक्त दक्षिणेला आहे, आणि तिथले रहिवासी त्याला ‘तिमूला’ म्हणतात. कान्हेरीच्या शिलालेखांत हेच गाव ‘चेमुल’ म्हणून येतं. अलेक्झांड्रियातल्या एका गणित्याच्या कानावर कोकणातल्या माणसाच्या तोंडचा शब्द पोहोचला होता, आणि तो त्याने लिहून ठेवला.

आता आकडे. टॉलेमीचे रेखांश पश्चिमेच्या ‘सुदैवी बेटां’पासून, म्हणजे कॅनरी बेटांच्या बाजूने मोजलेले आहेत. प्रचलित पाठातले आकडे असे, आधी रेखांश, मग अक्षांश :

बारिगाझा ११३°१५′, १७°२०′
सुप्पारा ११२°३०′, १५°३०′
सिमिल्ला ११०°, १४°४५′
बैथाना ११७°, १८°१०′
तगारा ११८°, १९°२०′
ओझेने ११७°, २०°

पोथी बदलली की यांतले काही आकडे सरकतात. ग्रीक पोथ्यांत आकडे अक्षरांनी लिहीत आणि अंशाचे भाग अपूर्णांकांनी, त्यामुळे नक्कल करणाऱ्याचं एक अक्षर चुकलं तरी गाव हलतं. म्हणून छापील नकाशावरची जागा आणि यादीतला आकडा दोन्ही ताडून पाहा. फरक असेल तर संपादकाने वेगळी पोथी वापरली आहे किंवा स्वतःची दुरुस्ती केली आहे.

हे आकडे आजच्या अक्षांशांच्या शेजारी ठेवा. भडोच आज २१°४२′ च्या आसपास आहे, टॉलेमीकडे सव्वाचार अंश खाली. सोपारा आणि चौल दोन्ही पावणेचार-चार अंश खाली. म्हणजे किनारा एकत्र, अखंड घसरला आहे. गावांमधलं अंतर फारसं बिघडलेलं नाही : भडोच ते सोपारा प्रत्यक्षात सव्वादोन अंश, टॉलेमीकडे १°५०′. सोपारा ते चौल प्रत्यक्षात अंशाला थोडं कमी, टॉलेमीकडे पाऊण अंश. खलाशांनी सांगितलेले टप्पे ठीक होते, चुकली ती सगळ्या साखळीची खुंटी. घाटावरचं चित्र निराळं. पैठण सव्वा अंशच खाली गेलं आहे, तेर तर एक अंश वर चढलं आहे. किनारा आणि देश यांची माहिती वेगवेगळ्या लोकांकडून आली आणि त्या दोन तुकड्यांचा सांधा बसला नाही, असं आम्हाला दिसतं. पैठण भडोचच्या उत्तरेला जातं ते या सांध्यामुळे.

याच ठिकाणी विद्वानाचा हात पकडता येतो. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा व्यापारी मार्गदर्शक सांगतो की पैठण भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांवर आणि तेर पैठणच्या पूर्वेला सुमारे दहा दिवसांवर. तो १५३३ मध्ये बासेलला छापला गेला आणि त्यानंतरच युरोपीय संपादकांच्या हाती सहज आला. नकाशावर पैठण भडोचच्या दक्षिणेला दिसलं, किंवा कल्याणचं ‘कल्लिएना’ हे नाव दिसलं, तर आखणाऱ्याने ‘पेरिप्लस’ वापरला आहे. कल्याण टॉलेमीच्या यादीत नाही.

तेरची खूण तर साल ठरवायला उपयोगी पडते. फ्रान्सिस विल्फर्डने १७८८ मध्ये तगारा म्हणजे देवगिरी असं मांडलं, आणि ते बराच काळ मान्य होतं. जे. एफ. फ्लीटने १९०१ मध्ये ते तेर असल्याचं दाखवलं. त्यामुळे तगारा दौलताबादवर बसवणारा ऐतिहासिक नकाशा बहुतेक करून या दोन सालांच्या मधला असतो.

माहितीचा काळ ठरवायला राजे मदत करतात. टॉलेमी बैथानाला ‘सिरो पोलेमायोस’ची आणि ओझेनेला ‘तियास्तेनेस’ची राजधानी म्हणतो. हे सातवाहन राजा श्री पुळुमावी आणि क्षत्रप चष्टन. नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमी बलश्रीचा लेख याच पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षातला आहे. वहीतली पहिली ओळ इथे भरली जाते, तीही दगडाच्या साक्षीने.

संगणकावर ताडून पाहायचं असेल तर

डेव्हिड रम्सी नकाशासंग्रह, अमेरिकेचं काँग्रेस ग्रंथालय आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘गॅलिका’ इथे मोठ्या आकाराची चित्रं मोफत पाहता येतात. क्यूजीआयएससारख्या नकाशांच्या संगणक-प्रणालीत जुना नकाशा आजच्या नकाशावर ताणून बसवायची सोय असते. टॉलेमीच्या बाबतीत तो मोह टाळा. प्रणाली प्रत्येक बिंदू जबरदस्तीने जागेवर नेते आणि नेमकी जी चूक अभ्यासायची असते तीच लपते. त्याऐवजी एका तक्त्यात नाव, टॉलेमीचे आकडे आणि आजचे आकडे भरा, दोन्ही संच बिंदू म्हणून वेगळ्या रंगांत टाका आणि प्रत्येक जोडी रेघेने जोडा. रेघा समांतर असतील तिथे सगळा पट्टाच सरकलेला आहे, आणि आडव्यातिडव्या असतील तिथे वेगवेगळी माहिती शिवलेली आहे.

तत्पूर्वी रेखांश जुळवून घ्यावे लागतात. टॉलेमीने एका अंशाला ५०० स्टेडिया (अंतराचं ग्रीक माप) धरले, त्याच्या आधीच्या एराटोस्थेनीस या ग्रीक भूगोलकाराच्या हिशोबाने ७०० येतात, म्हणून पूर्व-पश्चिम अंतरं अंशांत फुगतात. पण सरसकट १.४ ने भागू नका. अलेक्झांड्रिया (६०°३०′) ते भडोच टॉलेमीकडे ५२°४५′ आहे, प्रत्यक्षात सुमारे ४३°. म्हणजे फुगवटा १.२२ च्या आसपास. भागाभागाचा फुगवटा वेगळा निघतो, तो तुमच्याच बिंदूंवरून काढा.

कोकणच्या हवेत जपताना

कागदाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यात हवा ८० च्या वर जाते आणि तपकिरी ठिपके धरू लागतात. नकाशा बाहेरच्या भिंतीवर लावू नका, भिंत पाणी ओढते. आम्लरहित फोल्डरमध्ये सपाट ठेवून तो फोल्डर घट्ट झाकणाच्या पेटीत सिलिका जेलसह ठेवा, आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी जेल तापवून कोरडं करा. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र पेटीतच असू द्या, नाहीतर जेल संपल्याचं कळत नाही. डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ आपल्याच श्वासाला वाईट. कसरीसाठी पेटीची स्वच्छता आणि कोरडेपणा हाच उपाय.

चौकट करायची तर कापसाच्या लगद्याच्या पुठ्ठ्याची खिडकी कापून घ्या, म्हणजे काच आणि नकाशा यांत तीन-चार मिलिमीटर अंतर राहील. नकाशा वरच्या कडेला दोन जपानी कागदाच्या बिजागऱ्यांवर, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने टांगा. खालची बाजू मोकळी सोडा, हवेबरोबर कागद फुगतो-आक्रसतो आणि चारी बाजूंनी चिकटवला तर सुरकुततो. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन यांनी झालेलं नुकसान बहुधा परत येत नाही. उजेड ५० लक्सच्या (प्रकाशाचं माप) आत असावा आणि थेट ऊन कधीच नको. हिरवा रंग कागद खात असेल तर घरी पाण्याचा हात लावू नका, ओलाव्याने तांब्याचं मीठ शेजारी पसरतं. असा नकाशा कागद-संवर्धकाकडेच द्यावा.

परदेशी नेण्याचा विचार असेल तर विकत घेण्याआधी एक चौकशी करा. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंच्या निर्यातीवर बंधन आहे, आणि नकाशा त्यात मोडतो की नाही हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी घ्यावं लागतं. विकणाऱ्याकडून बिलावर तीनही काळ वेगवेगळे लिहून घ्या : कोणाची माहिती, कोणाचा पत्रा, कोणत्या आवृत्तीचा कागद. हा तपशील नकाशावर लिहू नका. फोल्डरच्या आतल्या बाजूला मऊ पेन्सिलीने लिहा, आणि पाठीच्या मजकुराचा व जलचिन्हाचा फोटो त्याच फोल्डरच्या नावाने ठेवा.